तासांच्या हिशेबातील नोकरी

‘मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे’ एवढ्या एका वाक्यावर लग्नाची बोलणी पुढे सरकण्याचा काळ महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने पाहिला आहे. पुण्यातील हिंजवडी, खराडी, तळवडे किंवा नवी मुंबईतील ऐरोली येथील काचेच्या इमारतींत रोज हजारो तरुण-तरुणी गळ्यात ओळखपत्र अडकवून शिरतात. ते आत नेमके काय करतात, हे मात्र त्यांच्या घरच्यांना धड सांगता येत नाही. ‘कॉम्प्युटरवर काम करतो’ यापलीकडे उत्तर जात नाही. काम गुंतागुंतीचे असते हे त्याचे एक कारण. पण या कंपन्या विकतात तरी काय, हा साधा प्रश्न आपण कधी विचारलेला नसतो, हे दुसरे.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस), इन्फोसिस, विप्रो, टेक महिंद्र यांना आपण सॉफ्टवेअर कंपन्या म्हणतो. प्रत्यक्षात त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग तयार सॉफ्टवेअरच्या विक्रीतून येत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि बिघडल्यावर दुरुस्त करणाऱ्या माणसांचा वेळ विकून तो येतो. अमेरिकेतील बँक, युरोपातील विमा कंपनी किंवा इंग्लंडमधील दुकानांची साखळी आपल्या संगणकप्रणालीचे काम या कंपन्यांकडे सोपवते आणि अनेक करारांत माणशी, तासाप्रमाणे पैसे मोजते. साबणाच्या कारखान्यात वड्या मोजतात, येथे तास मोजले जातात. हे एकदा ध्यानात घेतले की भरती, प्रशिक्षण, ‘बेंच’, पगारवाढ, रात्रीचे कॉल आणि अलीकडची नोकरकपात या साऱ्यांची संगती लागते.

या व्यवसायाची सुरुवात फार जुनी नाही. टीसीएसची स्थापना १९६८ ची. तिला आकार दिला तो एफ. सी. कोहली यांनी. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी स्थापन केली आणि त्यासाठीचे दहा हजार रुपये सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले, ही कथा आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. (दोन वर्षांतच कंपनी बंगळूरला गेली, हे पुणेकरांना अजूनही थोडेसे लागते.) आरंभी माणसेच परदेशी पाठविली जात. १९९१ च्या उदारीकरणानंतर, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या करसवलती आणि उपग्रहाद्वारे मिळालेल्या जोडण्या यांमुळे काम माणसाकडे येऊ लागले. २००० साल उजाडताना जुन्या संगणकांतील दोन आकडी वर्षाची अडचण, म्हणजे ‘वायटूके’, सोडविण्यासाठी जगाला एकदम हजारो हात हवे झाले आणि ते भारताकडे होते.

हे हात महाराष्ट्रात तयार झाले त्यालाही कारण आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढच्या काळात सांगलीपासून अमरावतीपर्यंत महाविद्यालये उभी राहिली. मुळशी तालुक्यातील हिंजवडी आणि माण या गावांच्या उसाच्या शेतांवर औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि त्या महाविद्यालयांतील मुले तिकडे वळली. त्यांत संगणकशास्त्र शिकलेले होते, तसेच स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधरही होते. कंपन्यांना शाखेशी फारसे कर्तव्य नव्हते. शिकण्याची तयारी, बरे इंग्रजी आणि कमी पगार एवढे त्यांना पुरे होते.

प्रवेशद्वारातून आत

बहुतेकांचा प्रवेश कॅम्पस इंटरव्ह्यूतून होतो. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात आधी ऑनलाइन परीक्षा, मग तांत्रिक मुलाखत, मग एचआर. एका दिवसात शे-दीडशे मुलांना ऑफर लेटर मिळाल्याची छायाचित्रे महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर झळकतात. मात्र ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे, हे पुढे कळते. रुजू होण्याची तारीख कंपनी आपल्या गरजेप्रमाणे ठरवते आणि मागणी मंदावली की ती पुढे ढकलते. २०२२ च्या तुकडीतील अनेकांनी हातात पत्र असूनही एक ते दोन वर्षे घरी बसून काढली. या काळात दुसरी नोकरी धरावी तर ही हातची जाते, न धरावी तर शेजारीपाजारी विचारतात. गावाकडे पेढे वाटून झालेले असतात.

रुजू झाल्यावर प्रशिक्षण सुरू होते. इन्फोसिसचे म्हैसूरचे प्रशिक्षण केंद्र सुमारे साडेतीनशे एकरांवर पसरलेले असून वसतिगृहे, जलतरण तलाव, चित्रपटगृह, ग्रंथालय असा तेथे थाट आहे. टीसीएसचे तिरुअनंतपुरमचे केंद्रही असेच अनेक पिढ्यांच्या आठवणीत राहिलेले. लातूर किंवा यवतमाळच्या मुलाने प्रथमच पाहिलेले हे जग असते. आयुष्यातील सर्वांत सुखाचे महिने म्हणून अनेक जण या काळाची आठवण सांगतात. पण या सुखाला परीक्षांची किनार आहे. ठरावीक गुण न मिळाल्यास पुन्हा संधी, पुन्हा अपयश आल्यास घरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरमध्ये तीनदा परीक्षा देऊनही उत्तीर्ण न झालेल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना इन्फोसिसने निरोप दिला. ही अट रुजू होतानाच्या करारात आहे, असे कंपनीने सांगितले. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने काढून टाकलेल्यांचा आकडा याहून बराच मोठा असल्याचे सांगत केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. यांतील अनेक जण त्याच २०२२ च्या तुकडीचे, म्हणजे दोन वर्षे वाट पाहून आलेले होते.

बेंच

प्रशिक्षण संपले की माणूस ‘बेंच’वर येतो. शब्द क्रिकेटमधील राखीव खेळाडूसारखा वाटतो, आणि अर्थही साधारण तसाच आहे. कंपनीच्या पटावर आहे, पगार चालू आहे, पण त्याच्या तासांचे पैसे कोणताही ग्राहक देत नाही. बाहेरच्याला हे ऐकून हेवा वाटेल. काम नाही आणि पगार आहे, याहून सुख ते कोणते? पहिले दोन आठवडे खरोखरच तसे जातात. कॅन्टीनमध्ये वेळ काढावा, एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा, मित्रांच्या प्रकल्पांच्या गोष्टी ऐकाव्यात. तिसऱ्या आठवड्यापासून पोटात कालवाकालव सुरू होते.

कारण कंपनीच्या दृष्टीने बेंचवरचा माणूस म्हणजे दुकानात पडून राहिलेला माल. एकूण मनुष्यबळापैकी किती जणांचे तास ग्राहकाच्या बिलात लागले, या प्रमाणाला ‘युटिलायझेशन’ म्हणतात. इन्फोसिससारख्या कंपन्या हा आकडा तिमाही निकालांत जाहीर करतात. तो अलीकडच्या वर्षांत ८० टक्क्यांच्या वर राहिला आहे. एका टक्क्याने तो हलला तरी नफ्यावर परिणाम होतो, आणि म्हणून शेअर बाजाराचे विश्लेषकही त्याकडे डोळे लावून असतात. साताऱ्याहून आलेल्या आणि बेंचवर बसलेल्या मुलाच्या अस्वस्थतेचे हे मूळ. तो स्वतःला काय समजतो याला येथे महत्त्व नाही. ताळेबंदात तो खर्चाच्या बाजूला आहे.

पूर्वी बेंचकडे काहीसा काणाडोळा केला जाई. काही महिने बेंचवर काढलेली माणसे प्रत्येक कंपनीत सापडत. जून २०२५ पासून टीसीएसने नियम कडक केला. वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलात लागले पाहिजेत आणि बेंचचा काळ ३५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. पगार, बढती, परदेशी जाण्याची संधी आणि नोकरी टिकणे या साऱ्यांवर या हिशेबाचा परिणाम होऊ शकतो, असे कर्मचाऱ्यांना कळविण्यात आले. वरवर पाहता नियम वाजवी वाटतो. मात्र प्रकल्प मिळणे कर्मचाऱ्याच्या हातात किती असते, हा प्रश्न उरतोच. प्रकल्पासाठीही अंतर्गत मुलाखत द्यावी लागते. हवे ते कौशल्य नसेल तर नकार, कौशल्य असूनही प्रकल्प चेन्नईत आणि घर पुण्यात असेल तर पेच. आईवडील आजारी असलेल्या किंवा मुलाच्या शाळेचे वर्ष अर्ध्यावर असलेल्या माणसाने ३५ दिवसांत बाडबिस्तरा उचलायचा, एवढे त्या आकड्यामागे दडलेले असते.

दिवस कसा जातो

प्रकल्प मिळाला की दिवसाला आकार येतो. चित्रपटांत दिसणारा, अंधाऱ्या खोलीत झरझर बोटे चालवून काहीतरी अद्भुत निर्माण करणारा संगणकतज्ज्ञ येथे शोधूनही सापडणार नाही. बरेचसे काम जुन्या प्रणालींच्या देखभालीचे असते. दुसऱ्या कोणी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या लाखो ओळींच्या प्रोग्राममध्ये एखादी चूक शोधायची, दोन ओळी बदलायच्या, त्या बदलाने दुसरीकडे काही मोडले नाही ना हे तपासायचे, आणि हे सगळे कोणत्या कागदपत्रात कसे नोंदवायचे याचे नियम पाळायचे. ग्राहकाकडील तक्रार ‘तिकीट’ बनून येते. तिच्या गांभीर्याप्रमाणे ती किती वेळात निकाली काढायची हे करारात ठरलेले असते. सर्वांत गंभीर तिकीट आले, म्हणजे बँकेचे व्यवहार थांबले किंवा दुकानाचे बिलिंग बंद पडले, की पंधरा-वीस माणसे एका कॉलवर जमतात आणि बिघाड सापडेपर्यंत तो कॉल संपत नाही. त्यातले निम्मे नुसते ऐकत असतात. तरीही कोणी बाहेर पडत नाही.

कोणता प्रकल्प वाट्याला येतो हे पुष्कळसे नशिबावर असते आणि या नशिबाची किंमत मोठी आहे. एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांपैकी एक नव्या तंत्रज्ञानावर जातो, तर दुसरा कोबोलमधील जुन्या मेनफ्रेमवर किंवा निव्वळ हाताने करायच्या चाचण्यांवर. पाच वर्षांनी दोघांच्या बाजारभावात दुपटीचा फरक पडलेला असतो. यात हुशारीचा संबंध थोडा. ‘आपण कोठे पडलो’ हा शब्दप्रयोग आयटीतील मंडळी सहजपणे वापरतात, त्यात ही हतबलता आहे.

माणसासाठी येथे शब्दच ‘रिसोर्स’ आहे. ‘दोन रिसोर्स कमी पडताहेत’, ‘तो रिसोर्स जूनमध्ये मोकळा होईल’ अशी वाक्ये कोणाच्या मनात काही न येता बोलली जातात. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाने टाइमशीट भरायची. कोणत्या प्रकल्पावर, कोणत्या कामासाठी किती तास दिले त्याची ही नोंद. ग्राहकाचे बिल त्यावरून बनते. गंमत अशी, की अनेक प्रकल्पांत माणूस दहा-अकरा तास काम करतो आणि टाइमशीटमध्ये आठ किंवा नऊच लिहितो. करारात तेवढेच बिल ठरलेले असते. वरचे तास कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत.

दिवसाची लांबी ठरते ती घड्याळाच्या फरकावर. न्यूयॉर्कमधील ग्राहक सकाळी साडेनऊला बैठक लावतो तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे तासभर मागे जातात आणि त्या दिवसापासून मार्चपर्यंत तीच बैठक आठला सुरू होते. दूरच्या देशातील घड्याळाचा काटा फिरला म्हणून वाकड किंवा पिंपळे सौदागर येथील घरातील जेवणाची वेळ बदलते. सकाळी नऊला कार्यालयात येणारा रात्री नऊला कॉल संपवतो. मधल्या वेळेचा काही भाग वाट पाहण्यातच जातो. लंडनच्या ग्राहकाचे काम मिळाले तर तो भाग्यवान, कारण तिथला फरक साडेचार-साडेपाच तासांचाच.

सणांचेही तसेच. अमेरिकेतील दुकानांच्या साखळ्या नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत आपल्या प्रणालींत बदल करू देत नाहीत. विक्रीच्या हंगामात धोका नको म्हणून. त्यामुळे आवश्यक ते सारे बदल त्याआधी उरकायचे असतात, आणि नेमकी त्याच आठवड्यांत दिवाळी येते. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून लॅपटॉप उघडणारे घरोघरी आहेत. नाताळात मात्र कार्यालय निवांत असते. तेव्हा मुलांच्या शाळा सुरू असतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लाखो माणसांचे कार्यालय एका आठवड्यात घरी हलले. काम थांबले नाही, हे या उद्योगाचे मोठेच यश होते. २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी केवळ २५ टक्के कर्मचारीच कार्यालयात असतील, अशी योजना टीसीएसने तेव्हा जाहीर केली होती. प्रत्यक्षात २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिनेच आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. गावी परतून वडिलोपार्जित घराला इंटरनेट जोडलेल्या अनेकांना पुन्हा पुण्यात भाड्याची खोली शोधावी लागली. भूमकर चौक आणि शिवाजी चौकातील कोंडीही त्यांच्याबरोबर परतली. हिंजवडीतील पाच-सहा किलोमीटरला संध्याकाळी तास लागणे ही तक्रार इतकी जुनी झाली आहे, की तिच्यावरचे विनोदही शिळे झाले. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली होती.

पगार, बढती आणि ‘स्विच’

या नोकरीने मध्यमवर्गाला काय दिले, याची नोंद घेतलीच पाहिजे. एसटी चालकाच्या, प्राथमिक शिक्षकाच्या, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरातील पहिला पासपोर्ट, पहिला विमानप्रवास, स्वतःचे पहिले घर या नोकरीतून आले. आईवडिलांच्या शस्त्रक्रियेचा खर्च कंपनीच्या आरोग्यविम्यातून भागला. वशिला, जात, आडनाव न पाहता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळणारी खासगी नोकरी त्याआधी किती होत्या? इन्फोसिसने १९९४ पासून कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि त्यातून कारकून-चालकांपर्यंत अनेक जण श्रीमंत झाले, हेही खरे.

पण ती पहाट होती. नवख्या अभियंत्याचा वार्षिक पगार २००८-१० च्या सुमारास तीन-सव्वातीन लाख होता आणि २०२३-२४ मध्येही मोठ्या कंपन्यांत तो साडेतीन लाखांच्या आसपासच राहिला. मधल्या काळात वाकडचे भाडे, मेसचा दर आणि अभियांत्रिकीची फी कोठल्या कोठे गेली. ‘पॅकेज’ या शब्दाने आणखी घोळ होतो. त्यात भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम असे सारे मिळवलेले असते. हातात येतो तो आकडा महिन्याला पंचवीस हजारांच्या आतबाहेर. अभियांत्रिकीच्या वाढत्या जागांनी नवख्यांचा पुरवठा कधी आटू दिला नाही, आणि पुरवठा असेपर्यंत भाव वाढत नाही. कंपनीचा मनोरा तळाशी रुंद ठेवला तरच नफा टिकतो, हेही गणित त्यामागे आहे.

वर्षातून एकदा अप्रेझल होते. वर्षभरात काय केले ते आधी स्वतः लिहायचे, मग वरिष्ठाने श्रेणी द्यायची. गटातील सर्वांनी उत्तम काम केले तरी सर्वांना उत्तम श्रेणी मिळत नाही. काही जण वर, बहुसंख्य मध्ये, काही खाली, अशा घंटेच्या आकाराच्या आलेखात माणसे बसवावी लागतात. काही कंपन्यांनी ही पद्धत कागदोपत्री रद्द केली, तरी वाढीसाठी ठेवलेली रक्कम मर्यादित असल्याने वाटणी पुन्हा त्याच वळणावर येते. ज्याला खालची श्रेणी द्यायची त्याला ती देणारा टीम लीड अनेकदा स्वतःच तिशीतला असतो, आणि संध्याकाळी दोघांची बस एकच असते.

त्यामुळे पगार वाढविण्याचा खरा मार्ग म्हणजे ‘स्विच’, नोकरी बदलणे. एकाच कंपनीत राहणाऱ्याला वर्षाला सहा-आठ टक्के वाढ मिळते, बदलणाऱ्याला एका उडीत तीस-चाळीस टक्के. करोनानंतरच्या मागणीत ही उडी विक्रमी ठरली. २०२२ च्या जूनअखेर इन्फोसिसमधील गळतीचे प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे वर्षभरात शंभरातील अठ्ठावीस जण सोडून गेले. कंपन्यांचे त्यावरचे अस्त्र म्हणजे नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. नवी कंपनी महिन्याभरात हजर व्हा म्हणते, जुनी तीन महिने सोडत नाही आणि रिलीव्हिंग लेटर नसेल तर पुढचा दरवाजा उघडत नाही. एप्रिल २०२२ मध्ये इन्फोसिसच्या करारातील, ठरावीक स्पर्धक कंपन्यांत त्याच ग्राहकासाठी काही काळ काम करू नये, या अटीवरही ‘नाइट्स’ने सरकारकडे धाव घेतली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, नोकरीत असताना स्पर्धक कंपन्यांचे काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे विप्रोचे रिशाद प्रेमजी यांनी सांगितले. कर्मचाऱ्याचा वेळ कोणाचा, या वादाची ही दोन्ही रूपे होत.

‘ऑनसाइट’ म्हणजे ग्राहकाच्या देशात जाऊन काम, हे दीर्घकाळ या नोकरीतले सर्वांत मोठे आमिष होते. डॉलरमध्ये दोन वर्षे काढली की पुण्यातील फ्लॅटचे कर्ज फिटे. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५ हजार आणि निवड सोडतीने. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला. तीन-साडेतीन लाख रुपयांवर रुजू झालेल्याने आता हे स्वप्न पाहायचे की नाही, हे त्याचे त्यानेच ठरवावे.

रात्र, सुरक्षितता आणि कायदा

स्त्रियांना मोठ्या संख्येने सामावून घेणारा हा संघटित उद्योग आहे. तालुक्याच्या गावातील मुलगी एकटी शहरात राहून स्वतःचा पगार मिळवू लागली, हे याच नोकरीने घडविले. तिची किंमतही तिनेच अधिक मोजली. २००७ मध्ये पुण्यात एका तरुणीवर रात्रपाळीला नेणाऱ्या कॅबमध्ये अत्याचार करून तिचा खून झाला. जानेवारी २०१७ मध्ये रविवारी कामावर आलेल्या अभियंता तरुणीचा हिंजवडीतील कार्यालयातच खून झाला आणि सुरक्षारक्षकालाच अटक झाली. रात्रीच्या कॅबमध्ये सुरक्षारक्षक, शेवटी उतरणारी प्रवासी स्त्री नसावी, असे नियम अशा घटनांनंतर कडक झाले. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. रजेवरून परतलेल्या स्त्रीचा प्रकल्प तोवर दुसऱ्याकडे गेलेला असतो आणि ती बेंचवर येते, यावर मात्र कोणत्या कलमाचा इलाज नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाचे दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ठरविले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तींना हा कायदा लागू नाही आणि आयटीत पाच-सात वर्षांत बहुतेकांच्या पदनामात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ हा शब्द येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये एन. आर. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, तेव्हा हिंजवडीत अनेकांची प्रतिक्रिया होती की यात नवीन ते काय. त्याच इन्फोसिसने २०२५ मध्ये घरून काम करताना ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक तास बसणाऱ्यांना तब्येत सांभाळण्याचे संदेश पाठविल्याच्या बातम्या आल्या. मानदुखी, कंबरदुखी, निद्रानाश आणि तिशीत सुरू झालेली रक्तदाबाची गोळी हे या पिढीचे नेहमीचे बोलणे झाले आहे.

संघटना बांधण्याकडे या वर्गाचा कल कधी नव्हता. आपण ‘कामगार’ नव्हे, अशीच त्याची समजूत होती. आयटी कर्मचाऱ्यांना कामगार संघटना स्थापन करता येते, हे तमिळनाडू सरकारने २०१६ मध्ये स्पष्ट केले तेव्हा अनेकांना ते प्रथमच कळले. सत्यममधील गैरव्यवहार जानेवारी २००९ मध्ये उघड झाला, तेव्हा सुमारे ५० हजार कर्मचारी पुढच्या महिन्याच्या पगाराच्या विवंचनेत होते. त्यांच्या वतीने बोलणारे त्या वेळी कोणी नव्हते. सरकारने नवे संचालक मंडळ नेमले आणि टेक महिंद्रने कंपनी घेतली म्हणून ते निभावले.

चाळिशीनंतर

आता अडचण आली आहे ती मधल्या थरात. पंधरा-वीस वर्षे झालेला, पगार तीस-चाळीस लाखांवर गेलेला, स्वतः प्रोग्राम लिहिण्याचे केव्हाच सोडलेला आणि माणसे सांभाळण्यात वाकबगार असा हा वर्ग आहे. गृहकर्जाची दहा वर्षे बाकी, मुले नववी-दहावीत. ग्राहकाच्या बिलात त्याचे तास महाग पडतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने त्या आर्थिक वर्षात आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीचाच उल्लेख होता. त्या वेळी कंपनीत सहा लाख १३ हजार माणसे होती. दोन टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण ‘टाटांची नोकरी’ म्हणजे सरकारी नोकरीच, अशी ज्यांची श्रद्धा होती त्या घरांत तो फार मोठा होता. कौशल्ये जुळत नसल्याने ज्यांना काम देणे शक्य नाही त्यांच्यापुरता हा निर्णय आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नव्हे, असे मुख्याधिकारी के. कृत्तिवासन यांनी सांगितले.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न तरीही टळत नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून प्रोग्रामचा कच्चा मसुदा, चाचण्या, कागदपत्रे, जुन्या कोडचा उलगडा ही नवख्यांची नेहमीची कामे यंत्र काही मिनिटांत करू लागले आहे. चुका होतात, त्या तपासायला जाणते डोळे लागतात. पण तास कमी लागतात, हे ग्राहकालाही ठाऊक आहे. करार नव्याने करताना तो विचारतो, की काम लवकर होत असेल तर मला तेवढ्याच तासांचे बिल का? कंपन्या आता माणशी दराऐवजी कामाच्या फलितावर पैसे घेण्याची भाषा करू लागल्या आहेत. फलितावर पैसे मिळायचे असतील तर तळाशी रुंद असलेला मनोरा कशाला हवा, हा त्यापुढचा प्रश्न. यंदा अभियांत्रिकीच्या प्रवेशाला संगणकशास्त्राच्या शाखेसमोर रांग लावणाऱ्या पालकांनी महाविद्यालयाला ‘किती जणांना ऑफर मिळाली’ एवढेच विचारू नये. गेल्या तुकडीतील किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, किती महिन्यांनी झाले, आणि वर्षभराने त्यांतील किती जण प्रकल्पावर आहेत, हेही विचारावे.